पुट्टीच्या पाठीवरचा रंग

नागोजीरावांबद्दल आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, कोणी वाकडं बोललं की मला राग येतो, आणि राग आला की मी बोलते, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त एकदा, जेव्हा खरंच बोलायला हवं होतं, तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप लागलं. म्हणून आता पहिल्यापासून सांगते. मध्ये थांबवू नका, मग माझा धागा सुटतो.

मी मालतीबाई. म्हैसूरला बोगादीत राहते, ब्लाउज शिवते. माझं मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीतून सरळ समोर नागोजीरावांचं फाटक दिसतं. दोघांच्याही घरी मराठी. पुण्याहून कंपन्यांत आलेली नवी माणसं आमची मराठी ऐकून हसतात, कारण अर्धं कन्नड असतं तिच्यात. हसू देत. आमच्या आजीची आजी असंच बोलायची, आम्हीही असंच बोलणार. रावांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणे, आणि आम्ही विठ्ठलाचे, शिलाईवाले. "तुम्ही सुईवाले, आम्ही तलवारवाले," असं ते मला चिडवायचे. मी म्हणायची, "तलवार दाखवा की मग." घरात भाजी चिरायची सुरी होती, तिलाही धार नव्हती.

राव बस डेपोत बोर्ड रंगवायचे. बसच्या कपाळावर गावाचं नाव असतं ना, ते. बन्नूर, येलवाल, हुणसूर. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हीच नावं लिहिली, आणि अक्षर असं की माझ्या सासूबाई चष्म्याशिवाय वाचायच्या. मग लाइटचे बोर्ड आले, नावं आपोआप सरकायला लागली. राव म्हणाले, "मालतक्का, आता गावंच पळतात, बस आपली उभी." रिटायर झाले तरी हात शिवशिवायचे त्यांचे. फाटकाला रंग, कुंड्यांना रंग, पाण्याच्या मोटारीला रंग. भागीरथीबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "मी एका जागी फार वेळ उभी राहत नाही बाई. मलाही एक हात देतील."

ती भागक्का चार वर्षांपूर्वी गेली. ताप आला, नऊ दिवस दवाखान्यात, संपलं. मुलगा भुवन त्याच्या आधीच बायको-मुलीला घेऊन आयर्लंडला गेला होता. दर रविवारी फोन येतो, दहा मिनिटं, "जेवलात का अप्पा, गोळ्या घेता का अप्पा." वाईट नाही तो. लांब आहे, एवढंच. जाताना त्याची मुलगी सहाना तिचं कासव आजोबांकडे ठेवून गेली. हातात मावेल एवढं, कानाशी लाल पट्टी असलेलं, दुकानात काचेच्या पेटीत मिळतं ते. नाव पुट्टी. पुट्टी म्हणजे आमच्याकडे लहान पोर, लाडकी.

भागक्का गेल्यावर त्या घरात बोलायला पुट्टीच उरली. मशीन थांबवलं की मला ऐकू यायचं. "पुट्टी, आज सारात मीठ जास्त पडलं ग." "पुट्टी, भुवनचा फोन नाही आला अजून." मागच्या अंगणात मोठा टब होता, मधे एक दगड. पुट्टी दगडावर चढून चारी पाय पसरून ऊन खात पडायची, आणि राव शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचायचे. दोघं तासन् तास तसेच असायचे.

आता गोंबे. म्हैसूरच्या बाहेरच्यांना सांगावं लागतं. दसऱ्याला आम्ही घरात पायऱ्या लावून बाहुल्या मांडतो, त्याला गोंबे म्हणतात. सगळ्यांत वर लाकडाचे राजाराणी, मग देव, मग दशावतार, मग वाणी, पोलीस, लग्नाची वरात, खाली बाग आणि पाण्याचं तळं. भागक्काचे गोंबे नऊ पायऱ्यांचे असायचे. जुन्या वस्तीत राहत होतो तेव्हा पोरांच्या टोळ्या दारोदार यायच्या, "गोंबे कूरसिद्दीरा?" म्हणजे गोंबे बसवलेत का, असं ओरडत. हातावर खाऊ ठेवला की पुढच्या घरी. इथं बोगादीत कोण ओरडतं? प्रत्येक दाराला बेल आणि कॅमेरा.

भागक्का गेली त्या वर्षी पेट्या उघडल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी रावांनी एकट्यानं नऊ पायऱ्या मांडल्या. कुठली बाहुली कुठे, सगळं पाठ. उसळ केली, चकल्या आणल्या, दार सताड उघडं ठेवून बसले. मी गेले, आमचे हे गेले, आणखी एक-दोघी. बस. कारण काय, तर गोंबे बघायला बायका जातात ते निम्मं हळदीकुंकवासाठी. ज्या घरात कुंकू लावायला बाई नाही तिथं जायचं कसं, असं त्यांना वाटतं. मुद्दाम कोणी टाळत नव्हतं म्हणे. पण दहा दिवस तो माणूस इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे तोंड करून बसला होता, आणि मी मशीनवरून ते बघत होते. दहाव्या दिवशी डबाभर चकल्या माझ्याकडे आणून दिल्या. म्हणाले, "मऊ पडतील सुम्ने." सुम्ने म्हणजे उगाच. मला रडूच आलं होतं, पण मी म्हटलं, "मीठ कमी आहे की हो."

गेल्याच्या गेल्या दसऱ्याची गोष्ट. पेटीतून दशावतार काढताना कूर्म रावांच्या हातून सुटला. मातीचा तो, चार तुकडे झाले. राव कासावीस झाले. "भागीची मांडणी कधी अपुरी नव्हती," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी तिथंच होते, पायरीवर पांढरं कापड अंथरून देत होते. तेवढ्यात त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली. टबातल्या दगडावर पुट्टी मान वर करून बसली होती.

"मालतक्का," ते म्हणाले, "कूर्म तर जिवंत बसलाय की घरात."

मी टाळी वाजवली. खरं सांगते, पहिली टाळी माझी. "काय डोकं चालतं हो तुमचं," असंही म्हटलं.

दोन दुपारी काम चाललं. एक वाटी पालथी घालून तिच्यावर पुट्टीला ठेवलं, म्हणजे पाय जमिनीला टेकणार नाहीत आणि ती पळणार नाही. चारी पाय हवेत हलवत राहिली बिचारी. आम्हाला त्याचं हसू आलं. रावांनी आधी पांढरा हात दिला, तो सुकल्यावर पिवळा, मग लाल कमळ, मधे शंख-चक्र, कडेनं बसच्या बोर्डाला असायची तशी बारीक काळी रेघ. तोच डेपोतला ऑइल पेंट, ऊनपावसात वर्षानुवर्षं न निघणारा. याचा त्यांना अभिमान होता. आणि मी काय करावं? घरी जाऊन ब्लाउजवर लावायच्या सोनेरी टिकल्या आणल्या आणि गोंदानं कडेला चिकटवल्या. मग खालच्या पायरीशी पितळेच्या परातीत पाणी भरून तिला सोडलं, फोनवर व्हिडिओ काढला आणि लेआउटच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "नागोजीरावांच्या घरी कूर्मावतार, दर्शनाला या."

अय्यो, काय गर्दी झाली म्हणता. पहिल्या संध्याकाळी सात-आठ पोरं, दुसऱ्या संध्याकाळी पंचवीस, मग मी मोजायचं सोडलं. पोरांमागे आया, आयांमागे आज्या. ज्या बायकांनी कधी फाटकाकडे पाहिलं नव्हतं त्या चपला काढून आत बसू लागल्या. कुंकवाची कोयरी मीच पुढे करायची. राव सगळ्यांना सगळं सांगायचे, वाणी कुठल्या वर्षी घेतला, राणीचा हात कसा मोडला. पोरं त्यांना ताता म्हणू लागली, ताता म्हणजे आजोबा. भागक्का गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. सिंचना, आठ वर्षांची, माझ्या शेजारच्या तुंगाची मुलगी, ती तर शाळेतून आली की दप्तर टाकून तिथंच. परातीशी बसून पुट्टीशी बोलायची.

विजयादशमीला गोंबे निजवायचे असतात. एक बाहुली आडवी करायची आणि दुसऱ्या दिवसापासून पेट्यांत भरायचं. रावांनी निजवले नाहीत. दिवाळीपर्यंत मांडून ठेवले. मी रागावले, म्हटलं हे रीतीत बसत नाही. ते म्हणाले, "पोरं येतात की अजून. दार बंद कसं करू?" त्यांना तेवढंच हवं होतं, की दारातून कोणीतरी आत येत राहावं. मागणं फार मोठं नव्हतं.

मग सिंचनानं हट्ट धरून तसलंच कासव आणवलं. नाव ठेवलं बंगारी, म्हणजे सोन्याची. तिच्या पाठीवर रावांनी मोर काढला. ते बघून कोपऱ्यावरच्या शशांकनं मुलासाठी आणलं, त्यावर मोटार काढून दिली. मागच्या गल्लीतलं आणखी एक, त्यावर फुलपाखरू. चार कासवं रंगली. प्रत्येकाला पालथ्या वाटीवर ठेवून.

डिसेंबरात पुट्टीनं खाणं कमी केलं. मी म्हटलं, थंडी आहे, जनावरं असंच करतात. मला काय कळत होतं? पण कळत नाही म्हणून गप्प बसायचा माझा स्वभाव नाही. संक्रांत झाली, ऊन चढलं, तरी पुट्टी दगडावर चढेना. डोळे सुजून मिटले. टब धुतला तरी वास जाईना. एक दिवस रावांनी तिला उचललं तर कडेला पाठ त्यांच्या अंगठ्याखाली दबली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. एक टिकली निघून आली आणि तिच्याखाली पांढरट, ओलं काहीतरी होतं. टिकली माझी होती.

रंग काढायचा म्हणजे टर्पेंटाइन. रंगाऱ्याला दुसरं काय सुचणार? फडकं बुडवून त्यांनी एक कोपरा घासायला घेतला. पुट्टीनं मान, पाय सगळं आत ओढलं, मग तोंड उघडून श्वास घेऊ लागली, नाकातून फेस आला. रावांच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्यांनी तिला नळाखाली धरलं, किती वेळ धरून ठेवलं होतं देव जाणे. माझ्याकडे वळून म्हणाले, "मी मारतोय हिला." मी रिक्षा बोलावली.

कासव म्हटल्यावर दोन दवाखान्यांनी हात वर केले. तिसरीकडे डॉक्टर विद्याश्री होत्या, तिशीच्या, केस वर बांधलेले. आमचं बोलणं ऐकून म्हणाल्या, माझ्या घरी पण असंच बोलतात. मग पुट्टीला पाहिलं आणि हसू गेलं.

"कोणी लावलं हे?"

"मी," राव म्हणाले. मी भिंतीवरच्या कुत्र्याच्या चित्राकडे बघत होते.

"मामा, ही पाठ म्हणजे अंगातला सदरा नव्हे. हाड आहे हिचं. कणा आणि बरगड्या ह्यालाच जोडलेल्या आहेत. आत रक्त आहे, नखानं खाजवलं तरी कळतं तिला. उन्हात बसून हाडं भरतात हिची, तर तुम्ही ऊनच अडवलंत. वाढताना वरचे पापुद्रे सुटून पडायचे, ते रंगाखाली अडकले, ओल राहिली आणि आत कुजायला लागलं. शिवाय त्या रंगातलं विष पाण्यात उतरतं, तेच पाणी ही पिते. आणि वर टर्पेंटाइन? ते तर थेट अंगात भिनतं."

राव एवढंच म्हणाले, "वाचेल का?"

"बघू. घाईनं रंग ओढून काढायचा नाही. तेल लावून मऊ करायचा, सुटेल तेवढाच मी काढीन. दर आठवड्याला आणा. इंजेक्शनं देते. रोज ऊन, रोज कोरडं ठेवायचं. वर्ष लागेल, कदाचित जास्तच." मग हात पुसत त्यांनी विचारलं, "अशी किती रंगवलीत?"

"चार."

"मग घरी जायच्या आधी बाकी तिघांना सांगा."

रिक्षात राव खोकं दोन्ही हातांनी धरून बसले. पुट्टी मांडीवर, खोक्यात. रिंग रोडच्या सिग्नलला म्हणाले, "मालतक्का, सांगितलं की पोरं येणार नाहीत." मी म्हटलं, "न सांगून कसं चालेल?" तेव्हा मला फार शहाणं वाटलं स्वतःला. सांगायला मला जायचं नव्हतं ना.

तरी त्यांच्याबरोबर गेले. शशांकनं दारातच ऐकलं आणि त्याचा पारा चढला. "अंकल, माझ्या मुलाच्या हातात तुम्ही विष दिलंत." राव म्हणाले, "हो." नुसतं हो. डॉक्टरांचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेला होता, तो दिला. मागच्या गल्लीतल्यांनी सांगितलं, आम्हाला कंटाळा आला होता, तळ्यात सोडलं. ही बाहेरची जात आपल्या तळ्यात सोडायचीच नसते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यात पाठीवर लाल-पिवळं फुलपाखरू, वरून घारीला लगेच दिसणार. राव त्या दिवशी आणि पुढे आठवडाभर तळ्याच्या काठानं फिरले. सापडलं नाही.

तिसरं घर तुंगाचं. तिनं दार अर्धवट ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बंगारी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच गेली हो. आम्ही सिंचनाला सांगितलंय, बन्नूरला आजीच्या तळ्यात ठेवलीय. तिला काही बोलू नका, परीक्षा आहे तिची." आतून सिंचनाचा पाढे म्हणायचा आवाज येत होता. रावांनी हात जोडले.

त्या संध्याकाळी शशांकनं ग्रुपवर लिहिलं. प्राण्यांना विषारी रंग फासणाऱ्या माणसापासून मुलांना लांब ठेवा. नाव नव्हतं, पण घर नंबर होता. खाली रागावलेली तोंडं, अंगठे, "असल्या म्हाताऱ्यांना काही उद्योग नसतो," असलं बरंच. फोन माझ्या हातात होता. दोनच ओळी लिहायच्या होत्या, की टिकल्या माझ्या, व्हिडिओ माझा, टाळीही माझी. मी लिहिल्या आणि पुसल्या. पुन्हा लिहिल्या. मला वाटलं, माझ्याकडे ह्याच बायका ब्लाउज टाकतात. फोन उपडा ठेवला आणि मशीन चालू केलं. ते माझं पाप आहे, त्याला दुसरं नाव नाही.

रावांनी ग्रुपवरचं वाचलं. तीन दिवसांनी त्यांनी एक पत्रा आणला, पांढरा रंग दिला आणि बसच्या अक्षरांत कन्नडमध्ये बोर्ड लिहिला. "कासवाच्या पाठीला रंग लावू नका. लावला असेल तर स्वतः काढू नका, डॉक्टरांकडे न्या. मी लावला होता. माझी चूक झाली. नागोजीराव." फाटकाला टांगला. मी म्हटलं, "स्वतःच्या दारावर स्वतःची बदनामी कशाला हो?" ते म्हणाले, "तीस वर्षं लोकांना कुठं जायचं ते लिहिलं. हेही लिहितो." येणारे-जाणारे वाचायचे आणि पाय उचलायचे. एकही पोर त्या फाटकातून आत गेलं नाही. तुंगा सिंचनाला हात धरून रस्त्याच्या माझ्या बाजूनं न्यायला लागली.

ते वर्ष मी खिडकीतून पाहिलं. रोज सकाळी राव पुट्टीला पुढे फाटकाशी उन्हात ठेवायचे, अर्ध्या तासानं पाणी द्यायचे, सावलीत आणायचे, कापसानं तेल लावायचे. शुक्रवारी खोकं मांडीवर घेऊन दवाखान्यात. चक्र गेलं, शंख गेला. कमळाच्या दोन पाकळ्या राहिल्या, त्या राहू द्या म्हणाल्या डॉक्टर, तिथं नवं हाड कच्चं आहे. मे महिन्यात पुट्टी स्वतःहून दगडावर चढली. राव मला सांगायला रस्ता ओलांडून आले, पण माझ्याकडे गिऱ्हाईक होतं, तर दारातूनच "चढली" म्हणून परत गेले. पुट्टीशी बोलणं मात्र त्यांनी बंद केलं होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कोणत्या तोंडानं बोलू?"

मग परवाचा दसरा. भुवननं फोनवर सांगितलं, अप्पा, यंदा नका मांडू, कशाला दमता. पण रावांनी मांडले. पुट्टी मागच्या अंगणात तिच्या जागी, पायऱ्यांवर नऊच अवतार. दार उघडं. पहिल्या दिवशी कोणी नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, कोणी नाही. सातव्या संध्याकाळी मी उसळीचा डबा घेऊन गेले होते, आत बसून कूर्माच्या रिकाम्या जागेवरची धूळ पुसत होते. उंबऱ्यात सिंचना उभी राहिली. शाळेच्या कपड्यांतच, एकटी.

राव उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडता पडता राहिली. मी त्यांचा चेहरा पाहिला, आणि मला वाटलं, देवा, ही आत येऊन बसू दे, एवढंच कर.

"बोर्ड वाचला मी," ती म्हणाली. कन्नडमध्ये बोलत होती. "ताता, माझी बंगारी कुठे आहे?"

"आईला विचार पुट्टा," राव म्हणाले.

"आई म्हणते बन्नूरला आहे. मी उन्हाळ्यात बन्नूरला गेले होते. आजीकडे तळंच नाही."

राव माझ्याकडे बघायला लागले. तुंगाला हात जोडून शब्द दिलेला, ते मला ठाऊक होतं. आणि काय सांगितलं की काय होणार, तेही आम्हा दोघांना ठाऊक होतं. ही एक पोर उरली होती. "नवीन तळं खणलंय" असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मीच म्हणाले असते.

ते तिच्यासमोर खाली बसले, गुडघे धरून, वेळ लागला बसायला. म्हणाले, "बंगारी मेली. मी लावलेल्या रंगानं मेली."

ती रडली नाही. तेव्हा माझ्या तोंडाचं कुलूप निघालं. नऊ महिने उशिरा. मी म्हटलं, "टिकल्या मी लावल्या होत्या सिंचना. व्हिडिओ मी काढला. ताता एकटे नव्हते."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग रावांकडे. "तिला दुखत होतं का?"

डॉक्टरांना आम्ही दोघांनी इतक्या महिन्यांत किती काय काय विचारलं होतं. औषध किती वेळा, पाणी किती, ऊन किती वाजताचं. हे विचारलं नव्हतं. मला नाही सुचलं. रावांना सुचलं असेल, त्यांनी विचारलं नाही.

"हो," राव म्हणाले. "दुखत होतं. तिला ओरडता येत नाही, म्हणून आपल्याला हसू आलं."

सिंचनानं खालच्या पायरीशी, परात असायची तिथं, एकदा पाहिलं. मग वळली, चपला घातल्या, रस्ता नीट दोन्हीकडे बघून ओलांडला आणि घरात गेली. तुंगाचं दार लागलेलं आम्हाला ऐकू आलं. रावांना उठवायला मी हात दिला, तो त्यांनी धरला, पण उठले नाहीत. त्या दसऱ्याला मग कोणी आलं नाही.